न दिसलेल्या काजव्याची साक्ष

मंगळवारी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी "हो, दिसला" असे म्हणालो. हे दोन शब्द उच्चारायला मला साधारण एक सेकंद लागला असावा. (घड्याळ लावले नव्हते, हा केवळ अंदाज आहे.) त्या एका सेकंदाचे परिणाम निस्तरायला मात्र आमच्या कुटुंबाला पाच आठवडे लागले आणि माझी उरलीसुरली विश्वासार्हताही त्यात खर्ची पडली. म्हणून जे घडले ते क्रमाने आणि शक्य तितक्या काटेकोरपणे सांगतो.

मी संख्याशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी आहे. माझ्या प्रबंधाचा विषय 'निरीक्षकांच्या चुका' हा आहे. मोजायला बसवलेली माणसे जे नसते ते का मोजतात आणि जे असते ते का गाळतात, याचा त्यात सखोल विचार केला आहे. (सखोल हा शब्द माझा. मार्गदर्शकांनी 'लांबलचक' असा शब्द वापरला होता.) प्रबंध पुरा करायला शांत जागा हवी, म्हणून मी आणि माझी पत्नी तीन महिन्यांसाठी तिच्या माहेरी येऊन राहिलो. जावयाने सासुरवाडीला इतके दिवस मुक्काम ठोकावा की नाही, याविषयी दुमत संभवते. सासूबाईंनी ते कधी बोलून दाखवले नाही. फक्त पहिला आठवडा सरल्यावर माझा चहा कपबशीऐवजी कान तुटलेल्या मगातून येऊ लागला. "आता तुम्ही पाहुणे थोडेच आहात," त्या प्रेमाने म्हणाल्या.

सासरे, म्हणजे बाबा, एका छापखान्यात एकोणचाळीस वर्षे मुद्रितशोधक होते. त्यांचा डावा डोळा लहानपणापासूनच अधू आहे. सगळे काम उजव्यावर. "पगार एकाच डोळ्याने मिळवला, दुसऱ्याला नुसतं पोसलं," असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. त्या एका डोळ्याने त्यांनी इतकी पुस्तके चुकांतून सोडवली आहेत की, जेवणाच्या टेबलावर मिठाची बाटली जरा तिरकी ठेवलेली असली तरी त्यांचा घास थांबतो. माझा प्रबंध तपासून देण्याचे त्यांनी आपण होऊन अंगावर घेतले होते. अट एकच: "वाचताना मला हसू आलं, तर तुम्ही रागवायचं नाही."

घरामागे लहानशी बाग आहे. लांबी बारा पावले, रुंदी नऊ. (पावले माझी, बाबांची दहा आणि आठ भरतात.) एक लिंबाचे झाड, उजव्या हाताला झुडपांचे कुंपण, कोपऱ्यात पाण्याची टाकी आणि गवतात दोन वेताच्या खुर्च्या. गेले चार दिवस बाबा अंधारू लागले की त्यातल्या एका खुर्चीत बसत आणि कुंपणापाशी काजवे चमकताहेत असे जाहीर करत. घरात इतर कोणालाही ते दिसत नव्हते.

यात काळजीचा भाग असा की, मागच्या तपासणीच्या वेळी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितले होते: डोळ्यापुढे उजेडाचे ठिपके किंवा ठिणग्या दिसू लागल्या तर एक दिवसही थांबू नका.

"डोळ्यांपुढे काजवे चमकले म्हणजे ते बागेत आले असं होत नाही," सासूबाई म्हणाल्या. "बुधवारी सकाळी अकराची वेळ घेतली आहे. मुकाट्याने चलायचं."

"डॉक्टरीणबाई हुशार आहेत," बाबा म्हणाले, "पण त्या माझ्या बागेत राहत नाहीत."

ही पार्श्वभूमी. आता तो मंगळवार.

मी सहज पाय मोकळे करायला बागेत आलो होतो. बाबांनी दुसरी खुर्ची पुढे सरकवली. मग ते एकदम पुढे झुकले आणि माझ्या मनगटावर त्यांनी हात ठेवला.

"जावईबापू! तो बघा, कुंपणावर. आत्ता लुकलुकला. दिसला?"

मी पाहिले. कुंपण होते. त्यावर अंधार होता. बाबांचा हात मात्र थंडगार होता आणि त्यांच्या चेहऱ्यावर असे काही होते की, सांगता येत नाही. परीक्षेचा निकाल लागलेल्या फळ्यापुढे मुले ज्या चेहऱ्याने उभी राहतात तसे काहीसे. चार दिवस या माणसावर घरात कोणी विश्वास ठेवला नव्हता. शिवाय ते माझ्या प्रबंधाचे दुसरे प्रकरण तपासत होते. शिवाय मी जावई. अशा वेळी 'निरीक्षणातून पुष्टी मिळत नाही' असे वाक्य तोंडातून निघेना.

"हो," मी म्हणालो, "दिसला."

बाबांनी माझे मनगट दाबले आणि ते हळूच मागे टेकले. आपण एक चांगले काम केले, असे मला वाटले. (ही भावना अर्धा तास टिकली.)

अर्ध्या तासाने आम्ही जेवायला बसलो आणि बाबांनी पाण्याचा पेला उचलून घोषणा केली, "उद्याची अपॉइंटमेंट रद्द करा. जावईबापूंनी स्वतः काजवा पाहिला. संख्याशास्त्राचा माणूस आहे, त्याला निरीक्षणाचं शास्त्र कळतं. विषय संपला."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता, आणि तेच जड गेले.

"खरंच पाहिलात?"

"म्हणजे," मी म्हणालो, "त्या दिशेला निश्चितपणे पाहिलं."

"आणि दिसला," बाबांनी वाक्य पुरे केले. मग त्यांनी उठून दवाखान्यात फोन केला. आपल्या डोळ्याला काहीही झालेले नसून उलट बागेला चांगले दिवस आले आहेत, असे त्यांनी तिथल्या स्वागतिकेला सविस्तर सांगितले.

माझी पत्नी औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. साडेआठला घरी येते आणि नऊपर्यंत तिला सगळे कळलेले असते. तिने मला ओट्यापाशी गाठले.

"तू काजवा बघितलास?"

"तुझ्या बाबांना बघितलं," मी म्हणालो. "ते फार एकटे पडले होते गं."

"बघितलास की नाही?"

"शक्यता नाकारता येत नाही—"

"अरे, हो की नाही!"

"नाही."

तिने हातातले फडके खाली ठेवले. "बाबांचा चालणारा डोळा एकच आहे. दोन नाहीत. हे तुला मोजता येतं ना?"

मला मोजता येत होते. उद्या सकाळी सगळे स्पष्ट सांगून टाकतो, असे मी तिला वचन दिले. सकाळी मी बाबांच्या खोलीशी गेलो, तर ते स्नान करून, गाणे गुणगुणत, माझ्या प्रबंधावर लाल पेन घेऊन बसले होते. मला पाहून म्हणाले, "या, या, साक्षीदार!" मी पेन्सिल मागितली आणि परत आलो.

आणि बुधवारी संध्याकाळी टपालमास्तर आले.

हे आमच्या शेजारचे निवृत्त गृहस्थ. टपाल खात्यात आयुष्य गेल्यामुळे बोलणे मोजके आणि वागणे अतिशय सभ्य. बाबांनी त्यांना खास काजवे पाहायला बोलावले होते. आतून तिसरी खुर्ची आली. मी मध्ये, तज्ज्ञ म्हणून.

"दाखवा, जावईबापू," बाबा म्हणाले.

काय दाखवणार? मी घसा साफ करून कुंपणाच्या साधारण मध्यभागी बोट रोखले. "तिथे. आता नाही. म्हणजे, होता. ठरावीक कालांतराने लुकलुकतो."

टपालमास्तरांनी चष्मा पुसला. डोळे बारीक केले. दोन मिनिटे कुंपण न्याहाळले. मला मनातून आशा वाटू लागली की, हा सज्जन माणूस आता 'मला काही दिसत नाही बुवा' असे म्हणेल आणि हे सारे थांबेल.

"अहाहा!" टपालमास्तर म्हणाले. "दिसला!"

"एक नाही, दोन आहेत," ते पुढे म्हणाले. "हिरवट. वरचा जरा मोठा वाटतो."

"तो मोठा रोज येतो," बाबा आनंदाने म्हणाले.

माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात असे सिद्ध केले आहे की, आधीच्या निरीक्षकाने होकार दिला असता पुढचा निरीक्षक भिडेपोटी होकार देतो आणि स्वतःचा प्रामाणिकपणा पटवण्यासाठी त्यात एखादा तपशील पदरचा घालतो. हे प्रकरण लिहायला मला सात महिने लागले होते. टपालमास्तरांनी ते दोन मिनिटांत करून दाखवले. जाताना फाटकापाशी त्यांनी मला बाजूला घेतले आणि हळू आवाजात विचारले, "तुम्हाला खरंच दिसला ना हो? मला आपलं वाटलं, तुम्ही शिकलेले, तुम्ही म्हणताय म्हणजे असणारच."

त्या रात्री पत्नी माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. (अपवाद: "सरक.")

गुरुवारी दुपारी बाबांनी तपासलेली पाने माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि ते पडायला गेले. मी चाळू लागलो. लाल खुणा नेहमीसारख्या नेटक्या होत्या. इथे शब्द सुटला, इथे आकडा उलटा झाला, इथे समासात बारीक अक्षरात 'हे वाक्य श्वास न घेता वाचून दाखवा, बक्षीस देतो'. मी हसत पुढे जात होतो. एकसष्टाव्या पानावर थांबलो.

तिथे ओळीच्या अगदी शेवटी एक ढोबळ चूक होती. 'निरीक्षक' या शब्दातले 'री' हे अक्षरच गळाले होते. बाबांच्या नजरेतून अशी चूक सुटणे म्हणजे पोस्टाच्या पेटीने पत्र परत देण्यासारखे. मी पान पुन्हा वाचले. मग मागची आठ पाने वाचली. मग, दुसरे काही येत नाही म्हणून, मोजले.

मला स्वतःला सापडलेल्या चुका चोवीस. त्यांपैकी पानाच्या डाव्या अर्ध्यात तेरा. बाबांनी त्या तेराच्या तेरा पकडल्या होत्या. उजव्या अर्ध्यात अकरा. त्यांतल्या नऊ सुटल्या होत्या.

या आकडेवारीवर कोणतेही सूत्र चालवावे लागत नाही. कुंपण खुर्चीच्या उजव्या हाताला होते. काजवे नेहमी उजवीकडेच यायचे. मी हातातली पाने खाली ठेवली. माणसांच्या चुका मोजण्यात दोन वर्षे घालवलेल्या मला, माझ्या शेजारच्या खुर्चीतला माणूस आंधळा होत चालला आहे हे दिसले नव्हते. न दिसलेला काजवा तेवढा दिसला होता.

मी लगेच उठलो, पण बाबा झोपले होते आणि झोपलेल्या माणसाला उठवून कबुली कशी द्यावी याचा मला अनुभव नव्हता. साडेसहाला ते जागे झाले आणि थेट बागेत गेले. मी मागोमाग गेलो. उभ्यानेच सुरुवात केली.

"बाबा, मंगळवारचं माझं विधान मी मागे घेतो."

"कुठलं?"

"काजव्याचं. मला काजवा दिसला नव्हता. काल टपालमास्तरांनाही दिसला नव्हता. त्यांचे दोन माझ्या एकावरून आले. मी खोटं बोललो. तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोललो, पण ते कारण पुरेसं नाही, आणि त्याच्यामुळे दोन दिवस—"

"बसा आधी," बाबा म्हणाले. "माहीत आहे मला."

मी बसलो.

"तुम्ही 'दिसला' म्हणालात ना, तेव्हा कुंपणाकडे बघत नव्हतात," ते म्हणाले. "माझ्या तोंडाकडे बघत होतात. अहो, एकोणचाळीस वर्षं मी लोकांची हस्तलिखितं हाताळली. न वाचता 'वाचलं' म्हणणारा माणूस मला लांबून ओळखू येतो."

"मग तुम्ही अपॉइंटमेंट का रद्द केलीत?"

"तुम्ही निमित्त दिलंत. मला निमित्तच हवं होतं." ते कुंपणाकडे न पाहता बोलू लागले. "आमच्या छापखान्यात एक जुळारी होता. खिळे जुळवायचा, माझ्या शेजारच्याच टेबलाला. एकदा म्हणाला, डोळ्यात ठिणग्या उडतात. सोमवारी दवाखान्यात गेला. परत आला तो हाताला धरून आणावा लागला. नंतर कधी एक अक्षर वाचलं नाही त्याने. आता, तो उशिरा गेला म्हणून असं झालं की गेला म्हणून झालं, हे मी विचारलंच नाही कधी. गेला म्हणूनच झालं, असं धरून चाललो."

(एका उदाहरणावरून निष्कर्ष काढू नये, हे माझ्या ओठांवर आले होते. आयुष्यात प्रथमच मी ते गिळले.)

"बाबा, एक विचारू? डोळे मिटल्यावर काजवे जातात का?"

त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ ते तसेच बसून राहिले. घरातून भांड्यांचा आवाज येत होता.

"मिटल्यावर जास्तच," ते हळूच म्हणाले. "आणि कालपासून उजवीकडून कोणीतरी पडदा ओढतंय असं वाटतं. ओळीचा शेवट मी अंदाजाने वाचतो. तुमचा प्रबंध त्या दृष्टीने सोयीचा आहे. सुरुवात वाचली की शेवट कळतो."

मी त्यांचा हात धरला आणि म्हणालो, "चला."

"कुठे?"

"आत्ता. दवाखाना आठपर्यंत असतो."

"पायात चपला तरी—"

"चपला गाडीत घाला."

बाबांची जुनी गाडी मी तोपर्यंत दोनदाच चालवली होती आणि दोन्ही वेळा ती रिकाम्या मैदानात. सासूबाई हातातला चमचा घेऊनच मागच्या सीटवर येऊन बसल्या. मी आरसे नीट केले, पट्टा तपासला, पुन्हा आरसे नीट केले.

"जावईबापू," बाबा म्हणाले, "डोळा माझा गेलाय. तुम्ही का थांबलात?"

रस्त्यात मी ताशी तीसच्या वर गेलो नाही. एका सायकलवाल्या आजोबांनी आम्हाला मागे टाकले आणि वळून सहानुभूतीने पाहिले. पिवळ्या दिव्याला मी थांबलो. हिरव्या दिव्याला, तो आता पिवळा होईल म्हणून थांबलो. "घाबरू नका हो," बाबा मला सांगत होते, "सावकाश घ्या." मागून सासूबाई म्हणत होत्या, "सावकाश नका घेऊ!" पावणेआठला आम्ही पोचलो.

डॉक्टरीणबाई वयाने लहान आणि बोलायला सरळ. त्यांनी डोळ्यात थेंब घातले, खोली अंधारी केली आणि कपाळाला दिवा बांधून बराच वेळ आत पाहिले. मग दिवा काढला.

"आतला पडदा एका कडेने सुटायला लागलाय. मध्यापर्यंत अजून पोचलेला नाही. आजच दाखल व्हा. सकाळी पहिली शस्त्रक्रिया यांची. बुधवारची वेळ होती ना तुमची? रद्द का केली?"

"मी खोटी साक्ष दिली," मी म्हणालो.

"काय दिलीत?"

"बागेत काजवा पाहिला असं सांगितलं. पाहिला नव्हता."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवले. "आणखी दोन दिवस तुम्ही काजवे बघत बसला असतात ना," त्या म्हणाल्या, "तर मला काही करता आलं नसतं."

तेवढ्यात बाबा तपासणीच्या खुर्चीतून म्हणाले, "त्यांना बोलू नका, डॉक्टर. आणलं त्यांनीच. वाटेत एक सायकल पुढे गेली तेवढीच, बाकी काही चुकलं नाही त्यांचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया चालू असताना मी, पत्नी आणि सासूबाई बाहेरच्या बाकावर बसलो होतो. पत्नी फॉर्म भरायला उठली. सासूबाईंच्या हातात पुन्हा तो चमचा होता. रात्रभर तो त्यांच्या पर्समध्ये होता आणि आता धरायला काहीतरी हवे म्हणून हातात आला होता.

"आई," मी म्हणालो, "मला माफ करा. बागेत एकही काजवा नसताना मी—"

"होते की," त्या म्हणाल्या.

"काय होतं?"

"काजवे. चार-पाच आहेत. टाकीच्या मागे, ओल असते तिथे. स्वयंपाकघरातला दिवा घालवला की खिडकीतून मला रोज दिसतात."

"मग तुम्ही नाही का म्हणालात?"

"ह्यांना टाकीमागचे कधी दिसलेच नाहीत. हे सारखं कुंपणाकडे बोट दाखवायचे. आणि ह्यांचे काजवे दुपारी जेवतानाही यायचे, ताटाच्या उजव्या बाजूला. घास हातात धरून वारत बसायचे त्यांना. मी म्हटलं असतं, 'हो, बागेत काजवे आहेत,' तर हे डॉक्टरकडे आले असते का?"

"म्हणजे बागेत काजवे आहेत, हे माझं विधान—"

"खरं होतं."

"आणि काल संध्याकाळी मी ते मागे घेतलं."

"ते फार बरं केलंत," त्या म्हणाल्या आणि इतक्या तासांत पहिल्यांदाच हसल्या. मग हसता हसता त्यांचा चेहरा बदलला, आणि मी त्यांच्या हातातला चमचा काढून घेऊन तिथे माझा हात ठेवला. त्यांनी खरी गोष्ट लपवली होती, मी खोटी गोष्ट सांगितली होती. त्यांची लपवाछपवी डोळा वाचवायला निघाली होती आणि माझी थाप खरी असूनही तो घालवायला. माझ्या प्रबंधातल्या कोणत्याही तक्त्यात हे बसत नाही. मी प्रयत्न केला आहे.

शस्त्रक्रिया नीट झाली. "पडदा बसलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण किती दिसेल ते आत्ता सांगत नाही." आत वायूचा बुडबुडा भरला होता, तो पडद्याला आतून दाबून धरणार होता. त्यासाठी बाबांनी सात दिवस पालथे पडून, तोंड खाली करूनच राहायचे होते.

एकोणचाळीस वर्षे मान खाली घालून काम केलेल्या माणसाला हे सोपे जाईल, असे आम्हाला वाटले होते. पहिल्याच दिवशी बाबा कंटाळले. "फरशी वाचून संपली," ते म्हणाले. "काहीतरी आणा." वाचायला बंदी होती. म्हणून मी प्रबंध घेऊन आलो. पण खुर्चीत बसून वाचले तर त्यांना फक्त माझे पाय जाणवत आणि पायांकडून संख्याशास्त्र ऐकणे त्यांना अपमानास्पद वाटे. शेवटी मी पलंगाच्या कडेखाली चटई टाकून उताणा झोपलो. वर त्यांचा पट्टी बांधलेला चेहरा, खाली माझा, मध्ये प्रबंध. तो हातांवर उचलून धरून मी रोज दोन तास वाचत असे.

"थांबा. हे वाक्य पुन्हा."

मी पुन्हा वाचत असे.

"यात क्रियापद कुठे आहे?"

"पुढच्या पानावर, बाबा."

"त्याला बोलवा इकडे."

तिसऱ्या प्रकरणाच्या मध्यावर ते झोपी जात आणि त्यांचा एक हात पलंगावरून खाली लोंबकळत माझ्या छातीवर येऊन पडे. तो हलवला तर जाग येईल, म्हणून मी तसाच पडून राहत असे. एकदा पत्नी दुकानातून परतली तेव्हा आम्ही दोघेही झोपलेलो होतो आणि प्रबंध माझ्या तोंडावर उघडा पडला होता. तिने तो उचलला, माझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "आता बोलते हां तुझ्याशी." (मंगळवारपासून हे तिचे पहिले दीर्घ वाक्य.)

पाचव्या आठवड्याच्या अखेरीस बुडबुडा विरला. दिवसाउजेडी बाबांना अक्षरे दिसू लागली होती, पण अंधुक उजेडात काय दिसते हे कोणाला ठाऊक नव्हते. विचारायचे धाडस कोणी करत नव्हते. तेव्हा एका संध्याकाळी सासूबाईंनीच घरातले सगळे दिवे घालवले आणि बाबांना हाताला धरून टाकीच्या मागे नेले. आम्ही दोघे मागून गेलो. ओल्या गवतात चौघे ओळीने बसलो. मला माझ्याच छातीतले ठोके मोजता येत होते. (मोजले नाहीत.)

बाबा एकदम ताठ झाले.

"आहे," ते म्हणाले.

सासूबाईंनी श्वास रोखला. "मिटा बरं."

त्यांनी डोळे मिटले. "नाही."

"उघडा."

"आहे." त्यांनी पुन्हा मिटले, पुन्हा उघडले. छापील ओळ पहिल्या प्रतीशी ताडून पाहावी तसे त्यांनी हे चार वेळा केले. "मिटल्यावर नाही. उघडल्यावर आहे. हिरवट. मध्येच जातो, परत येतो. अगं, खरा आहे!"

"डास किती झालेत इथे," सासूबाई म्हणाल्या आणि पदराने दोन्ही डोळे पुसू लागल्या. पत्नीने माझा दंड घट्ट धरला.

"मलाही दिसला," ती म्हणाली. "आई, तुला?"

"केव्हापासून."

मी गवत पाहिले. टाकी पाहिली. लिंबाचे झाड मुळापासून शेंड्यापर्यंत पाहिले. तिघेही डोळे विस्फारून माझ्याच दिशेने पाहत होते, म्हणून मी मागे वळूनही पाहिले.

"जावईबापू, खरं सांगायचं हं," बाबा म्हणाले. "दिसतोय?"

मोह झाला. पण मी मन घट्ट केले. "नाही, बाबा. मला काहीही दिसत नाही."

"अरे, हलू नकोस," पत्नी कुजबुजली. "तुझ्या डोक्यावर बसलाय."

मी हललो नाही. मान न हलवता स्वतःचे डोके पाहण्याचे जेवढे मार्ग आहेत ते सगळे मी करून पाहिले. माझ्या डोक्यावर उजेड पडत असल्याचे आणि तो फार सुंदर दिसत असल्याचे मला तिघांनी आलटून पालटून सांगितले. सुमारे सहा मिनिटांनी मला शिंक आली आणि तो उडाला. कुठे गेला, हेही त्या तिघांनीच पाहिले, कारण शिंकताना माझे डोळे मिटलेले होते.

आत येऊन मी वही उघडली आणि प्रामाणिकपणे नोंद केली: काजवे, एक. निरीक्षक, तीन. चौथ्याचा काजव्याला बसायला उपयोग झाला.